सोयाबीनच्या निमित्ताने

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत सोयाबीन कसे घातक आहे यावर अर्धे पान मजकूर आला आहे. सोबत शेंगांचा फोटो आणि खाली तांबडी चौकट. चौकटीत म्हटले आहे की सोयाबीनमध्ये ‘प्रोटीज इनहिबिटर’ नावाचे विषारी द्रव्य असते, ते शरीरातल्या प्रथिनांचे काम बंद पाडते, तेव्हा ते रक्तात जितके कमी तितके चांगले. हे वाचून आमच्या घरात रात्रभर भिजत पडलेले पाव किलो सोयाबीन सकाळी कामवाल्या मावशींच्या डब्यात गेले. त्याचे मला काही वाटले नाही. सोयाबीनची भाजी मला कधीच आवडली नाही. पण ‘रक्तात जितके कमी तितके चांगले’ या पाच शब्दांनी आमच्या कुटुंबात जे घडवले, त्यासाठी हे पत्र लिहितो आहे. थोडे लांबेल, सांभाळून घ्यावे.

मी डॉक्टर नाही. १९८४ ते २०१५ अशी एकतीस वर्षे इंदूरच्या निरनिराळ्या लॅबमध्ये तंत्रज्ञ होतो. लोकांच्या दंडाला रबरी पट्टा बांधायचा, शीर शोधायची, ‘हां, झालं झालं’ म्हणायचे आणि पुढचे काम आत बसून करायचे. रिपोर्टवर सही साहेबांची, हात आमचा.

आधी सोयाबीनचे उरकतो. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचक एन्झाइमला अडवणारी प्रथिने असतात, ही गोष्ट खरी आहे. त्यातले मुख्य प्रथिन मोझेस कुनिट्झ यांनी १९४५ च्या सुमारास शुद्ध स्फटिकरूपात वेगळे केले, म्हणून त्याला कुनिट्झ इनहिबिटर म्हणतात. कच्चे सोयाबीन खाऊ घातलेल्या कोंबडीच्या पिलांची वाढ खुंटते, स्वादुपिंड फुगते. पण तेच सोयाबीन शिजवून घातले तर उंदीर चांगले वाढतात, हे ऑसबोर्न आणि मेंडेल या जोडीने १९१७ मध्येच दाखवून दिले होते. हे प्रथिन उष्णतेपुढे टिकत नाही. घरी सोयाबीन वाटून दूध काढणाऱ्यांनी ते उकळी आल्याबरोबर उतरवू नये, दहा-पंधरा मिनिटे ढवळत उकळू द्यावे, आणि दाणे खायचे तर कुकरला नीट शिजवावेत, एवढेच त्यातून घ्यायचे. बाजारातल्या वड्या तर उष्णता देऊनच बनवलेल्या असतात. आणि माळव्यात, जिथे शेतकरी सोयाबीनला पिवळे सोने म्हणतो, तिथे घरोघर जाणाऱ्या अंकात हे छापताना कोणीतरी खंडवा रोडवर जाऊन यायला हवे होते. तिथे देशाची सोयाबीन संशोधन संस्था आहे. तिथल्या लोकांनी एनआरसी १२७ हे वाण काढले, ज्याच्या दाण्यात कुनिट्झ इनहिबिटर मुळातच नाही. पुढे एनआरसी १४२ काढले, त्यात कुनिट्झही नाही आणि सोयाबीनच्या उग्र वासाला कारण असलेले एक एन्झाइमही नाही. अर्धे पान जागा होती, त्यात चार ओळी याच्या बसल्या असत्या.

आता चौकटीकडे येतो. प्रोटीज म्हणजे प्रथिने कापणारे एन्झाइम. शाळेच्या पुस्तकात विकर म्हणतात, लॅबमध्ये कोणी तो शब्द वापरलेला मला आठवत नाही. जेवण पचते ते यांच्यामुळे, जखमेवर रक्त गोठते ते यांच्यामुळे, ती गुठळी नंतर विरते तीही यांच्यामुळे, आणि जंतू शिरले की पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात तेव्हा त्यांच्या हातातले हत्यारही हेच. आता एखाद्या शिंप्याच्या दुकानात दहा कात्र्या उघड्या पडल्या आहेत आणि चार वर्षांचे पोर आत सोडले आहे असे समजा. कात्र्या नकोत असे कोणी म्हणणार नाही, पण कोणीतरी लक्ष ठेवायला हवे. ते लक्ष ठेवणारी प्रथिने आपलेच शरीर तयार करते, बरीचशी यकृतात, आणि ती दिवसरात्र रक्तात फिरत असतात. त्यांना प्रोटीज इनहिबिटर म्हणतात. आपल्या चौकटीने ज्याला विष ठरवले ते हेच नाव.

त्यांच्यातल्या एकाला मी रोज डोळ्यांनी पाहत होतो. त्या काळी सीरम इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे रक्तातल्या निवळीतली प्रथिने विजेने वेगळी करून बघण्याची तपासणी, आम्ही हातानेच करायचो. सेल्युलोज अॅसिटेटची पातळ पट्टी बफरमध्ये भिजवायची, टिपकागदात दाबून घ्यायची, तिच्या एका टोकाला सीरमची केसाएवढी रेघ ओढायची आणि पट्टी डबीत घालून वीज लावायची. पाऊण तासाने काढून लाल रंगात बुडवायची. तेव्हा अख्खी पट्टी कुंकवाच्या पाण्यात पडल्यासारखी दिसते, काही कळत नाही. मग व्हिनेगरसारख्या वासाच्या पाण्यात दोन-तीनदा धुतली की पांढऱ्यावर पाच लाल पट्टे उमटतात. पहिला अल्ब्युमिनचा, ठसठशीत. शेवटचा गॅमाचा, पसरट. आणि अल्ब्युमिनच्या अगदी बगलेत एक फिकट, लाजरी रेघ असते, अल्फा-१ ची. ही तपासणी सांगणाऱ्या डॉक्टरांना बहुतेक वेळा गॅमा बघायचा असायचा, कारण मायलोमाचा, म्हणजे अस्थिमज्जेतल्या एका कर्करोगाचा संशय. अल्फा-१ कडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. ती रेघ जवळजवळ सगळी एकाच प्रथिनाची असते, अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. नावाप्रमाणे तोही ट्रिप्सिनला अडवतोच, पण त्याचे खरे काम फुप्फुसात.

१९६३ मध्ये, मी पहिलीत होतो तेव्हा, स्वीडनमध्ये कार्ल-बर्टिल लॉरेल आणि त्यांचे तरुण सहकारी स्टेन एरिक्सन अशाच पट्ट्या बघत होते. सुमारे दीड हजार पट्ट्यांपैकी पाचांवर ती फिकट रेघ नव्हती. दुसऱ्या कोणी ‘पट्टी खराब आली’ म्हणून टाकून दिली असती. या दोघांनी त्या पाच माणसांची चौकशी केली, तर तिघांना एम्फिसीमा, म्हणजे फुप्फुसांचे फुगे विरून जाण्याचा आजार. कारण पुढे उलगडले. पांढऱ्या पेशी इलास्टेज नावाचे प्रोटीज सोडतात, ते जंतूंबरोबर फुप्फुसाची लवचीक वीणही कुरतडते. अँटिट्रिप्सिन त्याला आवरतो. तो नसला की वीण उसवत जाते. विडी-सिगारेटचा धूर याच प्रथिनाच्या नेमक्या मोक्याच्या जागी बिघाड करतो, म्हणून ज्याच्याकडे मुळात कमी आहे त्याने एकही विडी ओढू नये. आणि आणखी एक. या आजाराच्या सर्वांत वाईट प्रकारात ३९४ कड्यांच्या या साखळीतली ३४२ वी एकच कडी बदललेली असते. त्यामुळे रेणू एकमेकांत अडकून यकृतातच साचतात, बाहेर पडत नाहीत. थेंबभर दारू न प्यायलेल्या माणसाला, कधीकधी लहान मुलालाही, सिरोसिस होतो. युरोपच्या मानाने आपल्याकडे हा दोष विरळा, पण मुळीच नाही असे नाही.

१९९० च्या आसपास एकदा माझ्याही हातात तशी पट्टी आली होती. देवासकडचा एक चाळिशीचा माणूस, जिना चढताना धापा टाकायचा. अल्फा-१ जवळपास कोरी. मी साहेबांना दाखवली. ते म्हणाले, धुताना जास्त वेळ ठेवलीस. असेलही. दुसरी पट्टी लावायला सीरम उरले नव्हते आणि तो माणूस परत आला नाही. ती पट्टी मी बरेच दिवस वहीत जपून ठेवली होती. पुढे घर बदलताना वही गेली.

ही प्रथिने प्रोटीजला पकडतात कशी, हे निवृत्तीनंतर सवडीने वाचले तेव्हा कळले आणि खरे सांगतो, त्या दिवशी दुपारचा चहा गार झाला. यांच्या एका मोठ्या घराण्याला सर्पिन म्हणतात. माणसात तसली सुमारे ३६. प्रत्येकाच्या अंगावर एक वेटोळे बाहेर काढलेले असते, उंदराच्या सापळ्यातल्या भज्यासारखे. प्रोटीज येऊन ते कापते. कापले की वेटोळे स्प्रिंगसारखे आत ओढले जाते आणि त्याला चिकटलेले प्रोटीज गर्रकन फिरून दुसऱ्या टोकाला आपटते. तिथे ते चेपले जाते, पुन्हा कामाचे राहत नाही. सापळाही एकदाच वापरायचा, दोघे एकत्रच निकालात निघतात. म्हणून शरीराला सतत नवे सापळे बनवत राहावे लागते, आणि ज्याच्याकडे मुळात निम्मेच बनतात त्याचा साठा ऐन गरजेच्या वेळी संपतो.

आमच्या घरातली गोष्ट या निम्म्या साठ्याचीच आहे.

माझे मेहुणे, धाकट्या बहिणीचे यजमान, शाळेत गणित शिकवायचे. वर्षातून पाच-सहा वेळा त्यांचा उजवा हात बोटांपासून मनगटापर्यंत पुरीसारखा फुगायचा. खाज नाही, लाली नाही, गांधी नाहीत, नुसती ताठर सूज. सकाळी सुरू झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत वाढत राहायची, मग दोन-तीन दिवसांत उतरायची. त्या दिवसांत ते फळ्यावर डाव्या हाताने लिहायचे, आणि पोरे म्हणायची की सरांचे डावे अक्षर जास्त चांगले आहे. कधी ओठ सुजायचा. कधी पोटात अशी कळ यायची की जमिनीवर लोळायचे, ओकाऱ्या काढायचे. १९८८ मध्ये एका खासगी दवाखान्यात याच दुखण्यासाठी त्यांचे अपेंडिक्स काढले. सर्जनने बाहेर येऊन सांगितले की अपेंडिक्स तसे ठीकच दिसत होते, पण पोटात थोडे पाणी होते. पाण्याचे कारण कोणी विचारले नाही. मीही नाही. घरात कोणी पित्त म्हणायचे, कोणी सराफ्यातल्या रात्रीच्या खाण्याला बोल लावायचे, बहिणीच्या सासूबाई दृष्ट काढायच्या. अॅलर्जीची इंजेक्शने तर किती झाली त्याला गणती नाही. एकाचाही उपयोग व्हायचा नाही. सूज तिच्या वेळेवर उतरायची आणि श्रेय इंजेक्शनला जायचे.

मी लॅबमधला माणूस. त्यांचे रक्त मी स्वतः कितीदा काढले, हिमोग्लोबिन, साखर, इओसिनोफिल सगळे पाहिले. सी-४, म्हणजे अशा सुजेच्या आजारात रक्तात कमी पडणारे एक प्रथिन, एकदाही नाही. असे काही बघायचे असते हे मला ठाऊकच नव्हते.

२००३ च्या उन्हाळ्यात एका शनिवारी त्यांनी दाढ काढून घेतली. संध्याकाळी गाल सुजला, तो सगळ्यांचाच सुजतो. रात्री जेवताना त्यांचा आवाज घोगरा झाला. बहीण म्हणाली, बर्फाचा परिणाम. पहाटे तीनला तिने मला फोन केला तेव्हा मागे ते श्वास ओढत असल्याचा आवाज ऐकू येत होता, करवत चालावी तसा. राजेंद्रनगरहून निघालेली रिक्षा दवाखान्याच्या फाटकात पोचली तोवर सगळे संपले होते. कागदावर लिहिले, हृदयक्रिया बंद पडल्याने. त्यांच्या आईच्या आईही ‘घशाला येऊन’ गेल्या होत्या, हे तेराव्याला एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी बोलता बोलता सांगितले. आम्ही ऐकले आणि पानावर बसलो.

२०१६ मध्ये माझ्या भाचीला तेच सुरू झाले. लग्नानंतर तिला गर्भनिरोधक गोळ्या दिल्या होत्या, त्या सुरू केल्यापासून महिन्याला दोनदा ओठ, पापण्या, पोट. या वेळी नशिबाने एक तरुण डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी सूज चेपून पाहिली आणि दोनच प्रश्न विचारले. खाज येते का? आणि घरात कोणी गुदमरून गेलंय का? भाचीने माझ्याकडे पाहिले. मला उत्तर द्यायला वेळ लागला.

सी-४ चार मिलिग्रॅम आला. खाली छापलेली सामान्य मर्यादा दहा ते चाळीस. मग सॅम्पल मुंबईला गेले आणि नाव मिळाले. सी-१ इनहिबिटरची आनुवंशिक कमतरता, आजाराचे नाव हेरेडिटरी अँजिओएडिमा. सर्पिन घराण्यातलेच एक प्रथिन. पिढ्यान्‌पिढ्या अशी सूज येणारे कुटुंब विल्यम ऑस्लर यांनी १८८८ मध्ये नोंदवले होते, आणि रक्तात नेमके काय कमी आहे ते डोनाल्डसन आणि इव्हान्स यांनी शोधले १९६३ मध्ये. पुन्हा तेच वर्ष! म्हणजे मेहुण्यांच्या पोटावर सुरी चालली तेव्हा उत्तर पंचवीस वर्षे जुने झाले होते.

या प्रथिनाचे काम बरेच आहे, पण आमच्या कामाचे एवढेच की ते कॅलिक्रीन नावाच्या प्रोटीजला लगाम घालते. लगाम सैल पडला की कॅलिक्रीन ब्रॅडिकायनिन नावाचा छोटा तुकडा कापून कापून मोकळा सोडत राहते. त्याने केशवाहिन्या पाझरू लागतात, कातडीखाली, आतड्याच्या भिंतीत, घशात. यात अॅलर्जीत सूज आणणाऱ्या हिस्टामिनचा संबंधच नाही, म्हणून अॅलर्जीच्या औषधांनी ती सूज हलत नाही. आई-बापांपैकी एकाकडे दोष असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. जवळपास चौथाई रुग्णांच्या घरात मात्र आधी कोणालाच नसतो. आणि लॅबच्या लोकांसाठी एक सूचना. शंभरातल्या पंधरा रुग्णांमध्ये प्रथिनाचे प्रमाण ठीक येते पण ते काम करत नसते, तेव्हा नुसता आकडा पाहून फाईल बंद करू नये, कार्य मोजणारी तपासणीही करावी.

२०१९ मध्ये भाचीचीही दाढ काढायची वेळ आली. बहीण चार दिवस जेवली नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितले की शुद्ध सी-१ इनहिबिटर मिळाले असते तर उत्तम, ते नाही तर आधी प्लाझ्मा देऊ. मी बाहेरच्या बाकावर न बसता आत उभा राहिलो. गोठवलेली पिशवी कोमट पाण्यात वितळवून आणली होती, आत ताकाच्या निवळीसारखे पिवळट पाणी. थेंब थेंब पडत होते आणि मी मोजत होतो, सवयीने. ते कोणा अनोळखी रक्तदात्याचे प्लाझ्मा होते, आणि आम्हाला त्यातले हवे होते ते त्याचे इनहिबिटर, आपल्या चौकटीतले ‘विष’. दोन पिशव्या गेल्या, दाढ निघाली, गाल साध्या माणसासारखा सुजला आणि उतरला. त्या रात्री बहिणीने वरणभात खाल्ला.

भाचीच्या पर्समध्ये आता हिंदी आणि मराठीत लिहिलेले एक कार्ड असते. त्यावर आजाराचे नाव, घशाला सूज आली तर श्वासाची वाट आधी सांभाळा, नेहमीच्या इंजेक्शनांवर विसंबू नका, आणि रक्तदाबाच्या अमुक गोळ्या कधीही देऊ नका असे आहे. या शेवटच्या ओळीबद्दल आपल्या इतर वाचकांसाठीही लिहितो. रामिप्रिल, एनालाप्रिल या घराण्यातल्या गोळ्या इंदुरात हजारो लोक सकाळी घेतात. त्या ज्या एन्झाइमला अडवतात ते ब्रॅडिकायनिन मोडून टाकणारे असते. ते अडले की ब्रॅडिकायनिन साचते, म्हणून आमच्या भाचीसारख्यांना त्या वर्ज्य. ज्यांना असला काही आजार नाही अशांपैकीही थोड्यांना या गोळ्यांनी ओठ किंवा जीभ सुजते, कधी गोळी सुरू करून वर्षे झाल्यावरही. तसे झाले तर अॅलर्जी समजून घरी थांबू नये, तडक दवाखाना गाठावा. मनाने मात्र गोळी कोणी सोडू नये. गंमत अशी की या गोळ्याही एका अर्थाने प्रोटीज इनहिबिटरच. डायबिटीसच्या ग्लिप्टिन गोळ्याही त्याच वर्गातल्या, एचआयव्हीच्या काही औषधांचे तर नावच ते. चौकट लिहिणाऱ्या गृहस्थांनी स्वतःच्या घरातला औषधांचा डबा एकदा उघडून बघावा.

माझेच पाहा. दोन वर्षांपूर्वी गुडघा बदलला. नंतर काही दिवस पोटाच्या कातडीत रोज हेपरिनच्या जातीची सुई. परिचारिका म्हणायची, काका, रक्त पातळ व्हायचं इंजेक्शन. हेपरिन स्वतः रक्ताला काही करत नाही. रक्तात आधीच असलेल्या अँटिथ्रॉम्बिन या सर्पिनला ते पकडते आणि त्याचा वेग सुमारे हजार पटींनी वाढवते. ज्याच्या रक्तात अँटिथ्रॉम्बिन कमी, त्याच्या पायात तरुणपणीच गुठळ्या होतात. असे पहिले कुटुंब नॉर्वेत १९६५ मध्ये एगेबर्ग यांनी नोंदवले. शहरातले डायलिसिसचे एकेक मशीन या एका प्रथिनाच्या भरवशावर चालते.

आणि स्वादुपिंडाचा जुना दाह, खडे झालेला, लहान वयातला. आपल्या देशात तो बराच दिसतो आणि रुग्णाला पहिला प्रश्न दारूचा विचारला जातो. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंवर संशोधन करणाऱ्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवले की यातल्या बऱ्याच जणांत ट्रिप्सिनला स्वादुपिंडातच अडवून धरणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात बदल असतो. अडवणारा दुबळा, म्हणून ट्रिप्सिन घरातच पेट घेते. अशा एका मुलाच्या वडिलांना मी लॅबच्या खिडकीपाशी रडताना पाहिले आहे. ते पुन्हा पुन्हा एवढेच म्हणत होते, साहब, लड़का तो पान भी नहीं खाता.

आता आपल्या चौकटीने केले काय ते सांगतो. भाचीची मुलगी सहा वर्षांची आहे. तिचीही तपासणी करून घ्यावी असे मी दोन वर्षे मागे लागलो होतो. बहीण तयार नव्हती. म्हणायची, दादा, एवढ्याशा पोरीच्या कपाळी आत्तापासून चिकटवू नकोस. मागल्या महिन्यात कशीबशी राजी झाली, सोमवारचा दिवस ठरला. रविवारी सकाळी आपला अंक आला. नऊ वाजता तिचा फोन. “दादा, पेपरात आलंय, ते इनहिबिटर वाईट असतं म्हणे. रक्तात कमी असलं तर बरंच की! मग आपल्या डॉक्टरीणबाई उलटं का सांगतात?” सोमवारची तपासणी रद्द झाली. मी एकतीस वर्षे रक्त तपासले, तिचा नवरा माझ्यासमोर गेला, माझे वाक्य ऐकायला तिला दोन वर्षे लागली. आपले छापील वाक्य तिने एका सकाळीत ऐकले. यात तिचा दोष नाही. आमच्या घरात आपला पेपर चाळीस वर्षे येतो आणि वडील म्हणायचे, छापून आलंय म्हणजे कोणीतरी तपासलंच असेल.

हा आजार साधारण पन्नास हजारांत एकाला असतो असे मानतात. २०११ च्या जनगणनेत इंदूर जिल्ह्याची लोकसंख्या ३२ लाख ७६ हजार होती. म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने पासष्ट माणसे. त्यातल्या किती जणांना आपल्या आजाराचे नाव ठाऊक आहे? बाकीचे कोणाच्या तरी दवाखान्यात पोट धरून बसलेले असतील, नाहीतर उद्या दाढ काढायला निघालेले. माझी विनंती आहे की चुकीची दुरुस्ती आतल्या पानावर तळाशी दोन ओळींत न करता पुरवणीतच, तशाच तांबड्या चौकटीत करावी. तीत एवढे आले तरी पुरे: वारंवार सूज, खाज नाही, अॅलर्जीच्या औषधाने फरक नाही, घरात कोणी असाच गेलेला, तर डॉक्टरांना विचारून सी-४ पाहावा. काही शे रुपयांची तपासणी आहे. आपल्या वाचकांत दंतवैद्यही असतील. दाढ काढण्याआधी ते साखर आणि रक्तदाब विचारतातच. ‘कधी विनाकारण ओठ, हात सुजतात का’ हे विचारायला अर्धे मिनिट लागेल.

काल भाचीचा फोन आला होता. मुलीचा खालचा पुढचा दात हलतो आहे. “मामा, मी तिला हात लावू देत नाहीये,” म्हणाली. दुधाचा दात आपसूक पडतो, त्याने बहुधा काही होत नाही असे मी सांगितले, आणि फोन ठेवल्यावर डॉक्टरीणबाईंना विचारून खात्री करून घेतली. बहिणीला मी आता येत्या शुक्रवारसाठी राजी करू पाहतो आहे. गुरुवारच्या अंकात चौकट आली तर तिच्यासमोर ठेवता येईल. सकाळी आठला लॅब उघडते. पोरीला उपाशी नेण्याची गरज नाही, पोहे खाऊन गेली तरी चालते.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, रामबाग, इंदूर